साबण कारखान्याचा थांबा

माझे बाबा कधी हरत नाहीत, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. मी एवढीशी होते तेव्हापासून त्यांनी मला कॅरममध्ये हरवलं, पत्त्यांत हरवलं, जिना आधी कोण चढतं यातही हरवलं. सापशिडी तर सगळा नशिबाचा खेळ, पण तिथेही नशीब त्यांच्याच बाजूने. मी भोकाड पसरलं की आई म्हणायची, "अहो, लेकरू आहे. एकदा हरलात तर आभाळ कोसळणार आहे का?" बाबा शांतपणे सोंगट्या डबीत भरायचे आणि म्हणायचे, "बाहेर कोण हरणार आहे हिच्यासाठी? मग घरात कशाला सवय लावायची?"

अशा बापाच्या पोटी आल्यावर मुलगी पळायला लागणार नाही तर काय करणार?

बाबा बस चालवतात, आणि बसला कंडक्टर नसल्यामुळे तिकिटंही तेच देतात. गेली कित्येक वर्षं एकच मार्ग. तो माझ्या कामाच्या जागेवरून निघतो आणि आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर संपतो. मी एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते आणि फ्रेममध्ये बसवते. दिवसभर स्टुलावर बसून मान मोडते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पायांना नुसती खाज सुटलेली असते. वेड तिथूनच लागलं. आधी धावणं, मग डोंगरवाटांवरच्या शर्यती, आणि मग एका मैत्रिणीने नादाला लावल्यामुळे ट्रायथलॉन, म्हणजे पोहा, सायकल हाणा आणि उरलात तर धावा. माझ्या पहिल्या ट्रायथलॉनमध्ये मी सायकल ठेवली आणि डोक्यावरचं हेल्मेट तसंच ठेवून धावत सुटले. बघे लोक टाळ्या वाजवत होते आणि मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. तो फोटो आईने स्वयंपाकघरात लावलाय.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," आई म्हणते. तिचं चुकत नाही. सकाळी तलाव, रविवारी डोंगर, मधल्या एखाद्या दिवशी सायकल, आणि या सगळ्याच्या मधोमध नोकरी नावाची गोष्ट. कुठूनही वेळ काढायला जावं तर दुसरीकडचा कमी पडतो. शेवटी एका संध्याकाळी मी ठरवलं की बाबांच्या बसमध्ये बसून घरी जाण्याऐवजी पळत जायचं. तेवढाच रोजचा सराव. डबा पाठीवर बांधला आणि निघाले. वाटेत बाबांची बस माझ्या शेजारून गेली. बाबांनी हॉर्न वाजवला आणि बसभर लोक खिडकीतून माझ्याकडे बघून हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवसापासून आमची शर्यत लागली. नियम साधे होते. दुकानासमोर बसचं दार बंद झालं की मी सुटायचं. मी कुठूनही जावं, फक्त पायी. शेवटच्या थांब्यावर माझा हात खांबाला आधी लागला तर मी जिंकले, बसचं दार आधी उघडलं तर ते.

मी एकदाही जिंकले नाही.

खरं तर जिंकायला हवं होतं. गावभर वळसे घेत, सिग्नलला थांबत, बाजार आणि इस्पितळ करत बस येते तोवर मी वाचनालयामागच्या पायऱ्या उतरून कालव्याच्या काठाला लागलेली असते. डोंगरवाटांनी मला उतरणं शिकवलंय. त्या पायऱ्या मी तीन-तीन गाळत उतरते. पण पुढे घात होतो. कालव्याच्या कडेने माझी पायवाट आणि वर भिंतीपलीकडे बसचा सरळसोट रस्ता. त्या रस्त्यावर एकच थांबा आहे, साबण कारखान्याचा. कारखाना बंद पडून जमाना झाला. तिथे कुणी चढत नाही की उतरत नाही. बाबा तिथून वाऱ्यासारखे निघून जातात आणि डोक्यावरून जाणारा तो आवाज ऐकला की मला कळतं, आजही शर्यत गेली.

हळूहळू बसमध्ये दोन पक्ष पडले. माझ्या पक्षाच्या पुढारी म्हणजे पिशवीवाल्या मावशी. त्या बाजाराच्या थांब्यावर चढतात, इस्पितळापाशी उतरतात, आणि मला वेळ मिळावा म्हणून एकेक पिशवी खाली ठेवून, पुन्हा मोजून मगच बाजूला होतात. बाबांच्या पक्षाचे पुढारी एक केस कापणारे दादा. ते स्वतः शेवटपर्यंत येतात, पण बाकीच्यांना थांबा यायच्या आधीच दारापाशी उभे करतात. मला सगळे भिंगरी म्हणतात. माझं खरं नाव त्या बसमध्ये कुणालाच माहीत नसेल.

आणि मग ती संध्याकाळ आली. बाबांचा नोकरीचा शेवटचा दिवस, शेवटची फेरी. उद्यापासून गाडी दुसऱ्याच्या हातात जाणार होती. दुसऱ्याला हरवून मला काय मिळणार होतं? जे व्हायचं ते आजच.

रविवारी माझी डोंगराची मोठी शर्यत होती. तलावावरच्या कोचबाई बजावून बजावून थकल्या होत्या, "या आठवड्यात पाय राखून ठेव. जोर लावशील तर रविवारी चढावर रडशील." मी मान डोलावली, सकाळचं पोहणं बुडवलं, जेवण हलकं ठेवलं आणि सगळं आजसाठी राखलं. मावशींना तर आदल्या दिवशीच गाठलं होतं. "मावशी, उद्या पिशव्यांचं नाटक करू नका. मला खरं जिंकायचंय." मावशींनी नाक मुरडलं. "जिचं करावं भलं, ती म्हणते माझंच खरं," असं म्हणाल्या, पण कबूल झाल्या.

बस आली. बाबांनी इस्त्रीचा गणवेश घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती. लोक चढले. दार बंद करायच्या आधी त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शेवटची संधी आहे," ते म्हणाले.

"तुमची," मी म्हणाले.

दार लागलं आणि मी सुटले.

काय पळाले म्हणून सांगू. पाय जमिनीला लागतायत की नाही तेच कळत नव्हतं. फुटपाथवरच्या माणसांमधून, हातगाडीला वळसा घालून, कुत्र्याच्या साखळीवरून उडी मारून. श्वास तलावातल्यासारखा लांब आणि शिस्तीत चालला होता. वाचनालयामागच्या पायऱ्या मी उतरले नाही, घरंगळले म्हटलं तरी चालेल. कालव्याचं पाणी दिसलं तेव्हा वरच्या रस्त्यावर बसचा आवाजही नव्हता. इतकी पुढे मी कधीच नव्हते. मला हसू यायला लागलं. पळताना हसू नये, पोटात दुखतं, पण कोण थांबवणार?

मग मागून तो आवाज आला. ओळखीचं इंजिन, ओळखीचा गिअर. आवाज जवळ येत गेला, डोक्यावर आला. मी दात खाऊन जोर लावला.

आणि वर भिंतीपलीकडे ब्रेक लागले. बस थांबली.

साबण कारखाना. जिथे कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. बस तिथेच उभी राहिली, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शेवटचा दिवस म्हणून बाबांना पाझर फुटला होता. आयुष्यभर एक सोंगटी सोडली नाही, आणि आज निरोपाची भेट म्हणून मला आख्खी शर्यत सोडत होते. खाऊ दिल्यासारखी.

मी जागच्या जागी थांबले. छाती भात्यासारखी चालली होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. नको मला फुकटचं. फुकट हवं असतं तर पाच वर्षांची असतानाच घेतलं असतं. भिंतीला लागून वर जायला लोखंडी जिना होता. तो धडाधडा चढून मी रस्त्यावर आले, ते बाबांशी कडाकडा भांडायला.

थोडं मागे बस उभी होती. पुढचं दार उघडं होतं. आणि पायरीवर एक पाय ठेवून, ठेवणीतले कपडे घालून, पर्समध्ये सुटे पैसे शोधत आई उभी होती.

बाबा तिला तिकीट देत होते. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. कुठल्याही प्रवाशाला द्यावं तसं. आईने तिकीट घेतलं, गुडघ्यावर हात ठेवून वर चढली आणि सावकाश आत सरकली. बाबा आरशात बघत बसून राहिले. प्रवासी बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा त्यांचा जन्माचा बाणा. बायको असली म्हणून काय झालं?

मग त्यांची नजर समोर गेली आणि रस्त्याच्या कडेला खांबासारखी उभी असलेली मी त्यांना दिसले. त्यांच्या भुवया वर गेल्या. दार बंद झालं.

माझी ट्यूब तेव्हा पेटली. हे माझ्यासाठी थांबलेच नव्हते. थांब्यावर माणूस होतं म्हणून थांबले होते. आणि मी शहाणी, हातातली आघाडी टाकून इथे रुसून उभी होते.

मी वळले आणि जीव खाऊन पळाले. मागे इंजिन गुरगुरलं. रस्ता सरळ होता आणि सरळ रस्ता बसचा असतो. ती शेजारी आली, मग पुढे गेली. सगळ्या खिडक्या उघड्या होत्या आणि सगळी बस ओरडत होती. मागच्या काचेत मला मावशी दिसल्या. त्या इस्पितळापाशी उतरल्याच नव्हत्या. दोन्ही मुठी काचेवर आपटत होत्या. पण शेवटच्या थांब्याला जायला बसला मधल्या बागेला पुरा गोल वळसा घ्यावा लागतो. मला लागत नाही. मी कठड्यावरून उडी मारली, बागेतलं गवत तुडवलं, झाडांच्या मुळांवरून नाचत गेले. डोंगरात नाचते तशीच. पलीकडचा कठडा दिसला. बस वळसा पूर्ण करून खांबाला लागत होती.

"उघडा दार, उघडा," केस कापणारे दादा आतून ओरडत होते.

चाकं अजून फिरत होती. चाक पूर्ण थांबल्याशिवाय बाबा दार उघडत नाहीत. आजवर कधी उघडलं नाही. हळू, आणखी हळू. मी दोन्ही हात पुढे करून स्वतःला फेकलं आणि खांबाला जाऊन आदळले. खांब वाजला. त्यानंतर चाकं थांबली आणि फुस्स करून दार उघडलं.

मी खांबाला मिठी मारून धापा टाकत होते. बाबांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि पायऱ्या उतरून खाली आले. माझा हात बघितला, खांब बघितला, दार बघितलं.

"हरलो," ते म्हणाले.

आई त्यांच्या मागोमाग उतरत होती. ती पायरीवरच थांबली. "काय म्हणालात? परत एकदा म्हणा. लग्नापासून हा शब्द ऐकायची वाट बघतेय मी."

"तू इथे कशी?" मी तिला विचारलं.

"आयुष्यभर यांचा डबा भरला, पण यांच्या बसमध्ये कधी बसले नाही. म्हटलं शेवटच्या फेरीला बसावं. शेवटच्या थांब्यावर चढून काय करणार? म्हणून एक थांबा मागे चालत गेले. तर या गृहस्थांनी माझ्याकडून तिकीट घेतलं. वर म्हणाले, सुटे द्या."

"तू जिना चढून का आलीस?" बाबांनी मला विचारलं. "पुढे होतीस की."

खोटं बोलायला माझ्यात श्वासच उरला नव्हता. "मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी थांबलात. मुद्दाम हरायला."

बाबांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला. "मी?" ते म्हणाले. "इतक्या वर्षांत बापाला एवढंच ओळखलंस?" मग त्यांनी मागे वळून रस्त्याकडे बघितलं. मनात काहीतरी हिशेब चालला होता. "म्हणजे तू थांबली नसतीस, तर कधीच पोचली असतीस."

"बहुतेक."

"बहुतेक काय? आरामात." त्यांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. मला वाटलं वाईट वाटतंय त्यांना. पण ते हसत होते.

मावशी माझ्या गळ्यात पडल्या. केस कापणाऱ्या दादांनी मला एक केशकर्तन फुकट देऊ केलं, आणि बसभर लोकांनी बाबांशी हात मिळवले. थांब्यावरच्या बसचौकीतल्या साहेबांनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय हो, कसली गडबड?"

"पोरीने हरवलं," बाबा म्हणाले. "बसभर अंतराने."

"हातभर," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही.

घरी जाताना शेजारचे काका भेटले तेव्हा बसभराचं अर्धा रस्ता झालं होतं. मी बाबांकडे बघितलं. ते दुसरीकडेच बघत होते. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी आत्याला फोन लावला, मग मामाला, मग ज्यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते अशा एका जुन्या ड्रायव्हर मित्राला. मी पाय गरम पाण्यात सोडून बसले होते. पोटऱ्या बोंबलत होत्या, रविवारचा चढ डोळ्यांपुढे दिसत होता, आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

"अरे, मी साबण कारखान्यालाच होतो," बाबा फोनवर सांगत होते, "आणि ही तिकडे शेवटच्या थांब्यावर पोचून, पाणीबिणी पिऊन, माझी वाट बघत बसली होती. काय सांगू तुला, मला वाऱ्यालाही उभं केलं नाही."

आईने माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवलं. मी गप्प बसले. बाबा माझ्यासाठी हरत होते, आयुष्यात पहिल्यांदा, आणि दर फोनला थोडं जास्त.