डोळ्याशेजारचा आकडा

“डोळा दिसतोय का सगळ्यांना?” नव्या साहेबांनी विचारलं.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कंपनीतले सगळे अहवाल ओळीने मांडले होते. प्रत्येकाच्या नावापुढे एक छोटा डोळा आणि डोळ्याशेजारी एक आकडा. बनवणारा सोडून बाकीच्यांनी अहवाल या महिन्यात किती वेळा उघडला, त्याचा. कंपनी पंखे बनवायची, आणि तिथे कोण काय वाचतं हे इतकी वर्षं कोणी कोणाला विचारलं नव्हतं. नवं सॉफ्टवेअर आलं आणि विचारायची गरजच संपली.

विक्रीच्या अहवालाचा आकडा चांगला गलेलठ्ठ होता. साहेब एकेक ओळ खाली येत ‘परत आलेला माल’पाशी थांबले. तिथे शून्य होतं.

“हा कोण बनवतं?”

मागच्या रांगेतून एक हात वर गेला, पुरता नाही, कानापर्यंत. ऑफिसात तिला तक्तेबाई म्हणत. लग्नाआधीपासून ती परत आलेल्या पंख्यांचे तक्ते करत होती, आणि तिचं खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीला माहीत होतं.

“कोणासाठी बनवता?”

“सगळ्यांसाठी, सर.”

खोलीभर हशा पिकला. साहेब तेवढे हसले नाहीत. “पुढचा महिना तिमाहीचा शेवटचा. तो धरायचा. ज्याला वाचक नाही, तो अहवाल बंद.”

“आणि बनवणारा?” हे तिच्या शेजारी बसलेल्या मास्तरांनी विचारलं.

“बघू की,” साहेब म्हणाले.

तक्तेबाईला हे ‘बघू’ ओळखीचं होतं. लहानपणी खेळण्यांच्या दुकानासमोर वडील असंच ‘बघू’ म्हणायचे, आणि ते खेळणं कधीच घरी यायचं नाही. आता घरात कमावणारी ती एकटीच होती. पाठीच्या दुखण्याने नवऱ्याचं काम सुटलं होतं आणि मुलीचं शिक्षण अर्ध्यावर होतं.

मास्तर हे कोणाचे मास्तर नव्हते. ते ग्राहकांच्या तक्रारींचा अहवाल करत आणि दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका न विचारता सुधारत, म्हणून हे नाव पडलं होतं. त्यांच्याही डोळ्याशेजारी शून्यच होतं. चहाच्या मशीनपाशी त्यांनी तिला गाठलं.

“अगं, एवढं काय तोंड उतरलंय? तू माझा उघड, मी तुझा उघडतो. झालं!”

“अहो, पण हे बरं दिसतं का?”

“न उघडलेलं बरं दिसतं का?”

दुसऱ्या सकाळपासून तेच सुरू झालं. आल्या आल्या ती त्यांचा अहवाल उघडायची, मिटायची. ते तिचा उघडायचे. आकडे हळूहळू चढू लागले तसा तिचा जीव भांड्यात पडला. त्या आठवड्यात ती मुलीवर एकदाही ओरडली नाही, आणि नवऱ्याने काळजीने विचारलं, “बरं नाही का तुला?”

मास्तरांचं मात्र एक झालं. ते नुसतं उघडमीट करणाऱ्यातले नव्हते. उघडलंच आहे तर वाचावं, म्हणून ते खरंच वाचू लागले. सॉफ्टवेअरमध्ये अहवालाखाली आपलं म्हणणं लिहायची सोय होती. तिथे एक दिवस त्यांचा प्रश्न आला, “टेबलपंखे एवढे परत आलेत, पण माझ्याकडे त्यांची एकही तक्रार नाही. असं का?”

तिला उत्तर ठाऊक होतं. पण ते सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहायचं म्हणजे चव्हाट्यावर गप्पा मारण्यासारखं. तोंडी सांगू म्हणून तिने ते तसंच ठेवलं.

नवा महिना लागला, सगळे आकडे पुन्हा शून्यावर आले, आणि त्यांचा खेळ परत सुरू झाला. पहिल्या काही दिवसांतच तिचं बोट चुकून त्या डोळ्यावरच पडलं. डोळ्याखाली एक यादी उघडली. कोणी कोणी पाहिलं त्याची. मास्तर, मास्तर, मास्तर. खालपर्यंत मास्तरच.

तिने लगेच मास्तरांच्या अहवालाचा डोळा दाबला. तिथे ती होती. फक्त ती.

एवढा साधा विचार दोघांच्याही डोक्यात आला नव्हता. मोजणारं यंत्र नावंही टिपत असणारच की! साहेबांनी एकदा बोट लावलं की संपलं. उद्या त्याच मोठ्या पडद्यावर ही यादी लागेल, सगळे हसतील, आणि मग ‘बघू’सुद्धा म्हणणार नाहीत. फसवणूक म्हणतील. दिवसभर साहेबांच्या काचेच्या दाराची चाहूल लागली की ती पडद्यावरची यादी मिटायची.

त्या दिवसापासून तिने मास्तरांचा अहवाल उघडणं बंद केलं. नव्या महिन्यातल्या चार नोंदी कोणाच्या लक्षात येणार नाहीत, असं तिने स्वतःला समजावलं. त्यांना ‘तुम्हीही थांबा’ म्हणायला मात्र तिची जीभ रेटली नाही. रोज सकाळी तिच्या डोळ्याशेजारी एकाची भर पडायची आणि ती पाहून तिला बरं वाटायचं. या बरं वाटण्याचीच तिला जास्त भीती वाटू लागली.

“काय गं, माझ्या डोळ्याला मोतीबिंदू झाला की काय?” मास्तरांनी एकदा हसत विचारलं.

“काम होतं हो.”

“असू दे, असू दे.” ते पुन्हा त्यावर बोलले नाहीत.

महिनाअखेरीला साहेबांनी तिला आत बोलावलं. पडद्यावर तिचीच यादी होती.

“हे गृहस्थ रोज तुमचा अहवाल बघतात. तुम्ही सांगितलंय का त्यांना?”

काचेपलीकडे मास्तरांची पाठ दिसत होती. चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्याकडे वाकले होते.

“नाही, सर,” ती म्हणाली. “ते त्यांचे त्यांचेच बघतात.”

“प्रश्नसुद्धा विचारतात. हेच तर हवंय आपल्याला! तुमचा राहू दे.” साहेबांनी दुसरी ओळ उघडली. “तक्रारींचा मात्र सुरुवातीनंतर कोणी उघडलेला नाही. तुम्हाला लागतो का तो?”

हो म्हणायला एवढासा वेळ होता. पण हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, त्यापुढचा आला असता, आणि सगळं बाहेर पडलं असतं. तिच्या डोळ्यांपुढे नवऱ्याची औषधं आली, मुलीचं दप्तर आलं.

“तसा... लागत नाही, सर.”

मास्तरांना कंपनीने रीतसर निरोप दिला. साहेब चार शब्द बोलले, टाळ्या झाल्या. नंतर ते तिच्या टेबलापाशी आले. त्यांच्या हातात त्यांची पाणी प्यायची बाटली होती आणि खुर्चीवरची पातळ उशी.

“ही ठेव. तुझी खुर्ची टोचते, मला माहितीये.”

“मास्तर, मी...”

“अगं, घर चालवायचंय तुला.” ते एवढं सहज म्हणाले, की त्यांना सगळं ठाऊक आहे हे तिला तिथेच कळलं. “आज सकाळीसुद्धा बघितला हो तुझा. ते टेबलपंख्यांचं तेवढं राहूनच गेलं.”

“सांगते ना,” ती म्हणाली. तेवढ्यात कोणीतरी त्यांना फोटोसाठी हाक मारली.

दुसऱ्या दिवशी ती आली, उशीवर बसली आणि तिने आपला अहवाल उघडला. महिना नवा होता. डोळ्याशेजारी शून्य होतं आणि आता ते कोणी हलवणार नव्हतं. पुढची तिमाही तिला बसल्या जागी दिसत होती. तिने जुना महिना काढला. मास्तरांचा प्रश्न होता तिथेच होता. नाव तेवढं फिकं पडलं होतं. कंपनीतून गेलेल्यांची नावं सॉफ्टवेअर फिकी करायचं.

आता बघणारं कोणी नव्हतं. तिने प्रश्नाखाली लिहिलं:

“मास्तर, खोका पातळ केल्यापासून वाटेतच पाती वाकतात. दुकानदार खोका उघडून तसेच परत पाठवतात. ते पंखे कोणाच्या घरी पोचतच नाहीत. म्हणून तक्रार येत नाही.”

एकदा वाचून तिने ‘पाठवा’ दाबलं. मास्तरांनी सुधारली असती अशी एखादी चूक राहिली आहे का, ते तिने पुन्हा एकदा पाहिलं.