सरूच्या बोटांतलं प्लास्टर

हमरापूरच्या मूर्तींच्या कारखान्यांत कामाला माणसं पुष्कळ असतात, पण गणपतीच्या डोळ्यांची आखणी प्रत्येक कारखान्यात एकाच्याच हाती असते. दत्तात्रेयच्या कारखान्यात ती त्याच्या बायकोच्या, सरूच्या हाती होती. मूर्ती कितीही देखणी असो, आखणी होईपर्यंत ती नुसती वस्तू. सरूने ब्रश टेकवला की ती बघायला लागे. गिऱ्हाइकं म्हणत, इथला गणपती घरात कुठेही बसवा, तो आपल्याकडेच बघतो.

म्हणून शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात सरूची बोटं आखडायला लागली, तेव्हा घरात जी धांदल उडाली ती साध्या आजारपणाची नव्हती.

आधी नुसतं गार पाण्यात हात घातला की बोटं पांढरीफटक पडत. मग कातडी ताणली गेली, चकचकीत झाली, चिमटीत येईना. संकष्टीला दुर्वांची जुडी बांधताना तीच हातातून निसटली. तेव्हा सासूने, काशीबाईंनी, सुनेचं बोट हातात धरलं आणि मूर्ती सुकली का ते पाहतात तसं नखाने टकटक वाजवलं.

"दत्ता," त्या म्हणाल्या, "हिच्यात प्लास्टर गेलंय."

दत्तात्रेयनेही वाजवून पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून सरू मूर्तींच्या प्लास्टरच्या पांढऱ्या धुळीतच बसत होती. आणि प्लास्टर कशाने लवकर धरतं, हे हमरापुरात शेंबडं पोरही सांगेल. मिठाने. ऑर्डर घाईची असली की पाण्यात मूठभर मीठ टाकायचं, मूर्ती साच्यातून चटकन सुटते. त्याच संध्याकाळी सरूच्या ताटातलं मीठ बंद झालं.

"अवो, मी माणूस हाय," सरू म्हणाली.

"माणूस हायेस म्हणून तर एवढी काळजी. मूर्ती असतीस तर घट्ट झालेलं बरंच की."

अळणी जेवणाचं सरूला नवल नव्हतं. व्रताला ती कितीदा अळणी खात असे. पण व्रत आपलं आपण धरायचं असतं. दुसऱ्याने आपल्यावर धरलेलं व्रत घशाखाली उतरत नाही. तरीही तिची खरी काळजी निराळी होती. आषाढात आखणी सुरू होणार आणि ब्रश तिच्या बोटांत ठरत नव्हता. काशीबाईंनी सरूच्या धाकट्या जावेला, मालूला, दोन मूर्ती आखायला देऊन पाहिल्या होत्या. मालूचे गणपती समोर साप निघाल्यासारखे बघत होते. तरी वेळ आलीच तर यंदा तेच खपवायचे, अशी बोलणी सरूच्या कानावर येत होती. आखणी गेली तर या घरात आपण कोण, हे तिला सांगता आलं नसतं.

मीठबंदीची बातमी खाडीकाठी तिच्या माहेरी पोचली. तिचे वडील जनू जन्मभर मिठागरात राबलेले. ते खांद्यावर मिठाची गोण घेऊनच दारात उभे राहिले.

"विहीणबाई, माझ्या पोरीचं मीठ तोडलंत? मिठाने माणूस दगड झालेला कुठं बघितलाय? मी उभा जन्म मिठात हाय. बघा माझ्याकडं."

काशीबाईंनी बघितलं. जनूचे पाय गुडघ्यापर्यंत भेगाळलेले आणि लाकडासारखे राठ होते.

"बघितलं," त्या म्हणाल्या.

यावर जनू कारखान्याच्या मधोमध गोण ठेवून तिच्यावर बसले. पोरीच्या पानात मीठ पडेपर्यंत उठणार नाही म्हणाले. चहा घेत, पण बसल्या जागी. रंगारी त्यांना वळसा घालून जात. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने तर त्यांची किंमत विचारली.

शेवटी सरूचा धाकटा भाऊ प्रविण आला. तो रोह्याजवळ वरशाला राहायचा, धाटावच्या एका कंपनीत कामाला होता. त्याने सगळ्यांना एसटीत घालून रोह्यातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी कातडीचा बारीक तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला, आणि पुढच्या खेपेला सगळ्यांना समोर बसवलं. धाटावच्या कामगारांना समजावून समजावून त्यांची बोलण्याची एक रीत झाली होती.

"प्लास्टर नाही आणि मीठही नाही. कातडीत बारीक धागे असतात. काही एन्झाइम त्या धाग्यांना गाठी मारतात, काही जुने धागे कापून टाकतात. दोन्ही पाळ्या नीट चालल्या तर कातडी मऊ राहते. हिच्या अंगातले राखणदार घरच्यांनाच चोर समजलेत, त्यामुळे सगळा गोंधळ. गाठी मारणाऱ्यांची शिफ्ट सुटतच नाही आणि कापणाऱ्यांची बस आलेली नाही."

"बस कुणी अडवली?" काशीबाईंनी विचारलं.

"ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही, आजी."

त्यांनी गोळ्या दिल्या. गाठी मारणाऱ्यांना त्या थोडं आवरतील, पण महिने लागतील. हात उबेत ठेवायचे. बोटं पहिल्यासारखी होतीलच, असं काही सांगता येत नाही. जेवणापुरतं मीठ खायला हरकत नाही. परतीच्या एसटीत जनू सबंध वाटभर विहिणीकडे बघत राहिले.

प्रविणच्या डोक्यातून मात्र ती बस जाईना. त्याच्या कंपनीत कातडी कमावणाऱ्यांसाठी एन्झाइमचीच पावडर व्हायची. पुढच्या सुट्टीला तो कॉफीच्या बाटलीत थोडी घेऊन आला.

"बाय, हेच ते कापणारे. म्हशीचं कातडं रात्रभरात मऊ करतात."

"मी म्हैस नाय रे."

"बस नाय आली तर नाय आली," काशीबाई म्हणाल्या. "आपण रिक्षाने आणले म्हणायचं."

आषाढ तोंडावर आला होता. सरूने हात पुढे केला, मग पदरात ओढून घेतला.

"आधी दुसऱ्या कशावर तरी बघू," ती म्हणाली.

कोपऱ्यात मुकुटाच्या सोनेरी रंगासाठी शिजवलेला सरस होता. सरस म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांचाच काढा. प्रविणने त्या कोमट सरसात चमचाभर पावडर ढवळली. जेवणं होईपर्यंत त्या चिकट गोळ्याचं पाणी झालं होतं. काशीबाईंनी बाटलीला कुंकू लावलं. त्या आनंदात दत्तात्रेयने त्याच भांड्यातला सरस सोनेरी रंगात ओतला आणि ओळीने मुकुट रंगवून काढले.

सकाळी एकाही मुकुटावर सोनं नव्हतं. धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं, त्यामुळे वाळलेला रंग भुकटी होऊन खाली उतरला होता. सगळ्या गणपतींची डोकी पांढरी आणि पोटं सोन्याची. दत्तात्रेयने नवा सरस शिजवला, पण कालचाच ब्रश त्यात बुडवला. दुपारी तोही पातळ झाला.

सरू बराच वेळ त्या भांड्यापाशी बसून होती.

"आई, या कापणाऱ्यांना थांबायचं कळत नाय," ती म्हणाली. "गाठ कुठली, बोट कुठलं, ते तरी कुठं कळणार? माझ्या हाताचं काय ठेवतील?"

काशीबाईंनी बाटलीला हात जोडले आणि ती प्रविणच्या पिशवीत घातली.

आषाढ लागला. सरूने दोन बोटांच्या फटीत ब्रश खोचला, कोपर मांडीवर टेकवलं आणि पहिल्या मूर्तीसमोर बसली. ब्रश पडला नाही. सरळ रेघ आली असती, पण पापणी वळायला बोट वळावं लागतं, आणि ते वळेना. ती ब्रश मूर्तीला टेकवून तशीच थांबली. मागून मालू हळूच येऊन उभी राहिली, आपल्याला बोलावणार या हिशेबाने.

मूर्ती रंगाच्या फिरत्या पाटावर होती. तेवढ्यात दत्तात्रेय पलीकडचा डबा घ्यायला वाकला आणि त्याच्या धक्क्याने पाट जरासा फिरला. सरूचा हात होता तिथेच राहिला. गणपती मात्र ब्रशखालून वळला, आणि वरच्या पापणीची नितळ रेघ उमटली.

दत्तात्रेय डबा तिथेच सोडून वळला.

"परत फिरवा," सरू म्हणाली.

दत्तात्रेय खाली बसला. त्याने पाट धरला, मूर्ती किंचित मागे कलवली, पुढे आणली. रेघ खाली वळली. काशीबाई धावत आल्या.

"दत्ता, देवाला नाचवतोस काय?"

"त्याला सवय हाय, आई," सरू म्हणाली. "पाण्यात जाताना नाचतच जातो."

पहिला डोळा पुरा झाला. तो तिच्या आधीच्या डोळ्यांसारखा नव्हता. थोडा मिटलेला होता, जेवण झाल्यावर ओटीवर बसलेल्या माणसासारखा. काशीबाईंनी त्याच्याकडे डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"बघतोय खरा," त्या म्हणाल्या, आणि मालूला भात टाकायला पाठवलं.

"आता दुसरा," सरूने नवऱ्याला सांगितलं. "डावीकडं. हळू. श्वास धरा."

"कुणी, मी की देवाने?"

"दोघांनी."