बिनसोयऱ्याची जत्रा

गडबच्या धोंडुबाईने उभ्या जन्मात जत्रा पुष्कळ केल्या, पण पाहिली एकही नव्हती. करणं आणि पाहणं यात फरक तो काय, असं एखादा पुरुष विचारील. बाई विचारणार नाही.

चैत्रात गावदेवीची जत्रा आली की धोंडुबाईच्या घरी सकाळपासून पाहुण्यांची रीघ लागायची. जत्रेच्या दिवशी ओळखीचा माणूस दारावरून न जेवता गेला तर घराची अब्रू गेली, अशी आपल्याकडची रीत. मग पाहुण्याचा पाहुणा येतो, त्याच्याबरोबर त्याचा मेहुणा येतो, आणि मेहुण्याला तांदळाची भाकरी फार आवडते. धोंडुबाईची भाकरी पंचक्रोशीत नावाजलेली होती, आणि याहून मोठा शाप बाईला नाही. पालखी पुढच्या दाराशी यायची तेव्हा ती मागच्या पडवीत चुलीशी असायची. कानाला ढोल, डोळ्यांना धूर. आरतीचं ताट सासूच्या हातात असायचं. सासू चांगली दीर्घायुषी निघाली, आणि ती गेली तेव्हा घरात सून आलेली होती. ताट सासूकडून थेट सुनेकडे गेलं, धोंडुबाईकडे उलथनं राहिलं.

सगळ्यांची जेवणं उरकली की ती नवऱ्याला विचारायची, "पालखी कशी झाली वो?"

काळुराम दात कोरत सांगायचा, "कशी व्हायची? नेमीसारखी."

यंदाच्या जत्रेला हेच उत्तर आलं आणि धोंडुबाईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "ऐका," ती म्हणाली, "मला मरायच्या आधी एक पालखी बघायचीय. समोरून. पाहुणी म्हनून. जिथं आपला कोनी सोयरा नाय अशा गावाला चला."

काळुरामाला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना! त्याची सगळी हयात खाडीकाठच्या मिठागरात गेलेली. आता मिठागर सुटलं होतं, दिवसभर ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "गाव कुठला?" विचारणं एवढंच काम उरलं होतं. त्यामुळे मुलूख त्याला तोंडपाठ होता. पण गावं मोजायला बसला आणि त्याच्या ध्यानात आलं की आगरी माणसाला सोयऱ्याशिवायचं गाव शोधणं म्हणजे खाडीत गोडं पाणी शोधणं.

हमरापूरला धोंडुबाईची बहीण सगुणा. मागे एकदा गणपतीच्या मूर्ती बघायला म्हणून ती तिच्याकडे गेली, तर सगळं घर रंगकामात बुडालेलं. "बरी आलीस गो," म्हणत सगुणाने रंगाऱ्यांचा सगळा स्वयंपाक तिच्या गळ्यात घातला. मूर्ती पाहिल्या त्या पंगतीत वाढताना, त्याही पाठमोऱ्या.

पालीला भाचा मोरू. देवळाच्या वाटेवर त्याचं नारळाचं दुकान. "आत्ये, जरा बस, मी आलोच," म्हणून तो गेला तो तिन्हीसांजेला उगवला. तोवर आत्येने नारळ विकले, आणि बाप्पाचं दर्शन परत येणाऱ्या लोकांच्या कपाळावरच्या गंधात घेतलं.

खांब गावाला लेक दिलेली. तिथे विहीणबाई "बसा हो बसा" म्हणत, पण म्हणताना त्यांची नजर पिठाच्या डब्यावर असे. पेणमध्ये तर काळुरामाचे दोन मेहुणे, आणि दोघांची घरं पालखीच्या वाटेवर. एकाकडे गेलं की दुसरा रुसणार, आणि दोन्हीकडे गेलं की दोन चुली.

"कुड्याच्या लेण्याला जाऊ," काळुराम म्हणाला. "तिथं कोन नाय आपला."

"तिथं पालखी हाय?"

"नाय. दगड हायत."

"दगड मी घरात बघते," धोंडुबाई म्हणाली.

अवचितगडाचं नावही निघालं, पण तिच्या गुडघ्यांनी ते मोडून काढलं. असं करत चैत्र गेला, पाऊस गेला, आणि घटस्थापनेच्या सुमाराला काळुराम विजयी मुद्रेने घरात आला. "रोहा! धावीर महाराजाची पालखी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. देवाला बंदूकवाले पोलीस सलामी देतात गो! आनी रोह्यात आपला सोयरा नाय. मी घोळून घोळून बघितलं."

नवी नवरी हसते तशी धोंडुबाई हसली. पण नवऱ्याला ती ओळखून होती. तिने त्याला देव्हाऱ्यापुढे उभं केलं आणि गावदेवीची शपथ घ्यायला लावली, की रोह्याला जाऊन परत येईपर्यंत कोणालाही "गाव कुठला?" विचारणार नाही. काळुरामाने घेतली, पण तोंड असं केलं की जणू जेवण बंद केलंय.

पालखीच्या दिवशी नागोठण्याला गाडी बदलून ती दोघं रोह्याच्या एस्टीत बसली. समोर एक पागोटेवाला म्हातारा होता. त्यानेच विचारलं, "कुठले पावनं?" उत्तर दिलं की उलटा प्रश्न तोंडातून निघणारच, म्हणून काळुराम खिडकीबाहेर बघू लागला. म्हाताऱ्याने आवाज चढवून पुन्हा विचारलं. काळुरामाच्या मानेच्या शिरा फुगल्या, पण शब्द फुटला नाही. म्हाताऱ्याने धोंडुबाईकडे कीव येऊन पाहिलं आणि स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. तिने मान डोलावली. देवाला जाताना खोटं बोललं तर फार पाप लागत नसावं, असं तिने मनाशी धरलं.

रोह्यात पोचली तर सलामी पहाटेच होऊन गेलेली. धोंडुबाई क्षणभर हिरमुसली. पण पालखी अजून गावभर फिरत होती, गल्लीगल्लीत दारोदार थांबत येत होती. जाऊ दे, पोलीस कधीही दिसतात, ती म्हणाली. तिने बर्फाचा लाल गोळा खाल्ला, बांगड्या भरल्या, आणि चौकातल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर हेरून जागा धरली. इथून पालखी अगदी समोरून दिसणार होती. डावीकडे उजवीकडे सगळी परकी माणसं. कोणी तिला ओळखत नव्हतं, कोणी भाकरी मागत नव्हतं. इतकं सुख तिला बाळंतपणातसुद्धा मिळालं नव्हतं.

"मी चहा आनतो," काळुराम म्हणाला.

इथेच ती चुकली. जाऊ द्यायला नको होतं.

काळुराम परत आला तो चहाशिवाय, आणि त्याच्या बरोबर एक तिशीचा माणूस. धोंडुबाईने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती काय ते समजली.

"इचारलंत ना?"

"गाव नाय इचारला! गावदेवीची आन," काळुराम घाईघाईने म्हणाला. "मी फकस्त म्हनलं, हे नाक तुला कोनाचं? तर नाक निघालं दाजीचं. वढावच्या दाजीचं गो! मिठागरात आमी एका झोपडीत रायलो. हा त्याचा महिपती. इथं कंपनीत हाय. दाजी पन हितंच असतो."

"काकी, घरी चला," महिपती हात जोडून म्हणाला. "पालखीच्या दिवशी तुम्ही दारावरून गेलात तर बाबा मला घरात घेणार नाहीत."

धोंडुबाईने आपल्या पायरीकडे एकदा पाहिलं. ती उठली तेवढ्यात तिथे दुसरी बाई बसलीसुद्धा.

महिपतीचं घर जवळच्याच गल्लीत. ओटीवर पाहुणे खांद्याला खांदा लावून बसलेले, आणि खाटेवर दाजी, तेच नाक घेऊन. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना मिठी मारली आणि एकमेकांचे दात किती उरले ते पाहिलं. त्या दिवशी एकादशी होती, पण पाहुण्याच्या पोटाला एकादशी नसते असा दाजीचा कायदा. स्वयंपाकघरात महिपतीची बायको हौसा एकटी घामाघूम. वालाचं बिरडं झालं होतं, पण भाकरी काही केल्या पुरत नव्हती.

"मावशी, तुम्ही बसा," हौसा म्हणाली.

हे 'बसा' धोंडुबाई चांगलं ओळखत होती. तिने बोलून दाखवलं नाही, पण तिला रडू आलं. एवढा मुलूख चाळला, देवीची शपथ घातली, आणि शेवटी नशिबी परातच. सवयीने तिचा हात उकडीत गेलाही. लांबून ढोल ऐकू येऊ लागला. पालखी या गल्लीला वळत होती. कानाला ढोल, डोळ्यांना धूर.

तेवढ्यात ओटीवरून दाजी ओरडला, "अरं, वयनीला कशाला बसवलं चुलीशी? काळू आलाय ना! काळूला बसवा!"

ओटीवर हशा झाला. हसला नाही तो फक्त काळुराम. तो दाजीला डोळ्यांनी खुणावत होता, पण दाजीला आता लांबचं तेवढं दिसत असे.

"हसता काय? आख्ख्या मिठागरात काळूसारखी भाकरी कोनाची नाय! पापुद्रा असा सुटायचा, वा! हंगामभर आमी त्याच्याच हातचं खाल्लं. आमच्या बायकांना नाय जमली तशी. काय रं काळू?"

स्वयंपाकघरात धोंडुबाईचा हात परातीत थांबला. या माणसाला घरात पाण्याचा तांब्या कुठे असतो ते ठाऊक नव्हतं. ती तापाने फणफणली होती तेव्हा शेजारणीने भाकऱ्या आणून दिल्या होत्या, आणि हा बाजूला बसून म्हणाला होता, "मला काय येतं गो यातलं?" तिला राग आला, आणि रागाखाली काहीतरी दुखलं. एवढी वर्षं!

तिने हात धुतले. पदराला पुसले. दारात येऊन उभी राहिली.

"अवो," ती म्हणाली, "आत या."

काळुराम आला. कसायामागून बोकड जातो तसा आला.

"खरं बोलतात दाजी?"

"त्ये... मिठागरात बायका नव्हत्या ना गो."

"आनी घरात मी होते." तिने परात त्याच्यापुढे सरकवली. "बसा."

काळुराम बसला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा परातीकडे. मग पाण्याचा हात लावला आणि गोळा उचलला. पहिली भाकरी तव्यावर पडली तेव्हा हौसाने तोंडावर हात ठेवला. भाकरी चंद्रासारखी गोल होती. आपल्यापेक्षा कणभर पातळच आहे, हेही धोंडुबाईला दिसलं, पण ते तिने कोणाला सांगितलं नाही.

"ताट घे गो," ती हौसाला म्हणाली. "चल भायेर."

"मावशी, इतक्या पाहुण्यांचं..."

"माझा नवरा हाय ना."

हौसा हसली आणि हळूच म्हणाली, "मीपण अजून धड बघितली नाय."

दोघी पुढच्या दारात उभ्या राहिल्या. पालखी आली. गुलाल, झेंडूच्या माळा, घामाने निथळणारे भोई, आणि मधोमध देवाचा मुखवटा, इतका समोर की हात लांबवला तर पोचेल. पालखी त्या दारात टेकली. हौसाने ओवाळलं आणि ताट धोंडुबाईच्या हातात दिलं. काय मागावं ते तिला सुचेना, कारण मागायचं ते समोरच होतं. ती नुसती बघत राहिली, डोळे भरून, न लाजता रडत. ढोल तिच्या छातीत वाजत होता. मागून कोणीतरी भाकरी मागितली, आणि तिने मान वळवली नाही.

पालखी पुढच्या गल्लीत गेली तेव्हा काळुराम पिठाच्या हातांनी ओटीवर आला. डोळे धुराने लाल, मिशीला पीठ. रस्त्यावर फक्त गुलाल उरला होता.

"गेली?" त्याने विचारलं.

"गेली."

त्याने हातांवरचं पीठ झटकलं. मग म्हणाला, "कशी झाली गो पालखी?"

धोंडुबाईने पदराने चेहरा पुसला. पाटावर बसली, पाय पसरले आणि हौसाने वाढलेल्या ताटातली त्याच्या हातची भाकरी मोडली. पापुद्रा सुटला.

"कशी व्हायची?" ती म्हणाली. "नेमीसारखी."