हजेरीपटावरच्या सह्या

"सही करा हो, तपासायच्या वह्या कुठे पळून चालल्यात?" तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या दारात पंपवाले हजेरीपट पुढे करून उभे होते.

"पण मी बैठकीला येणार नाहीये."

"येऊ नका. नाव तर दिसू दे! निम्मे भाडेकरू नसले तर बैठकच रद्द म्हणे. मग चढा आणखी वर्षभर जिना."

"आणि हा शेवटचा रकाना?"

"तो त्यांचा असेल. आपण सही करायची."

बाईंनी सही केली. पंपवाल्यांना नाही म्हणणं अवघड होतं. तीस वर्षं त्यांनी या इमारतीचा पंप चालवला होता. निवृत्त झाल्यावर ते भाडेकरूंचे प्रतिनिधी झाले, कारण दुसरं कुणी उभंच राहिलं नाही. 'यापुढे घरांबाबतचे निर्णय भाडेकरूंना विचारूनच' असं पालिकेचं पत्र आलं, तेव्हा स्वारी दोन दिवस हवेत होती. त्यांना एकच गोष्ट हवी होती, लिफ्ट. ती बंद पडून आठ महिने झाले होते. ते पाचव्या मजल्यावर राहत. बायकोचे गुडघे गेले होते आणि आठ महिन्यांत ती एकदाही खाली उतरली नव्हती. शेवटची सही तिची घेतली.

"अहो, मी कुठे येणारेय खाली?"

"तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

संध्याकाळी तळमजल्यावर जेमतेम सतरा माणसं जमली. पालिकेच्या बाई तरुण होत्या, बोलायला गोड. दारांना कुठला रंग द्यायचा यावर पाऊण तास वाद झाला. मग बाईंनी नकाशा उघडला. लिफ्ट कायमची काढणार, तिच्या जागेतून पाण्याचे नवे पाइप वर नेणार आणि जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे बसवणार.

पंपवाले ताडकन उठले. "आमचा विरोध आहे. लिहून घ्या!"

"काका, तो इथे लिहायचा होता." बाईंनी हजेरीपटाच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, सही असून रकाना कोरा असल्यास संमती धरली जाईल. "साठपैकी अठ्ठावन्न संमती. इतका प्रतिसाद मला कुठेच मिळाला नाही. सगळं श्रेय तुमचं."

पंपवाले मटकन खाली बसले. सह्या गोळा करताना त्यांनी चष्मासुद्धा लावला नव्हता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्यांना वाटलं.

वर जाऊन त्यांनी बायकोला सगळं खरं सांगितलं, काही लपवलं नाही.

"म्हणजे मीपण हो म्हटलं?"

"मी म्हणायला लावलं."

"बरं, धरा हात. बघू तरी किती जमतंय."

ती दाराबाहेर आली. एक पायरी, दुसरी, तिसरी. चौथीवर गुडघा वळेना. ती भिंतीला धरून कशीबशी खाली बसली. पंपवाल्यांनी काखेत हात घालून उठवून पाहिलं, पण उठवेना. गच्चीवरचे कपडे काढायला खालून शिक्षिकाबाई येत होत्या. त्यांनी विचारलं, "काय हो, इथे का बसलात?"

"जरा वारा खातेय," ती म्हणाली आणि बाईंना जायला जागा व्हावी म्हणून तिने साडी आवरून घेतली.