विकायची की चालवायची

"विकायची हाय का चालवायची?" आकाराममामांनी विचारलं.

"विकायची," सम्राट म्हणाला.

"चालवायची," मी म्हणाले.

दोघांची उत्तरं एकदम आली आणि पुढच्याच क्षणी माझी वेणी सम्राटच्या मुठीत होती. भर सकाळी, कोल्हापूरच्या शाहूपुरीत, रस्त्याला लागून असलेल्या ग्यारेजात. माझा सख्खा दीर!

"वैनी, गप ऱ्हायचं. पुरुषमाणसं बोलत्यात न्हवं?"

"वेणी सोडा भावजी. लोक बघाय लागल्यात."

"बघू दे की! दादाची गाडी हाय, मी इकणार. कुणाच्या बाचं काय जातंय?"

दादा म्हणजे माझा नवरा. तो गेला आणि मी चाक हातात घेतलं. हुपरीतून डायलिसिसच्या पेशंटना कोल्हापूरला आणायचं, सुया निघेपर्यंत दवाखान्याबाहेर थांबायचं, परत घरी सोडायचं. गाडी माझ्या नावावर आहे. पण हे सम्राटला कोण सांगणार? त्यानं मला न विचारता गाडी नेली, तिला दोर बांधून दोस्ताची चिखलात रुतलेली जीप ओढून काढली आणि क्लच जाळून दारात आणून लावली. वर गिऱ्हाईकही बघून ठेवलं. गाडी गेली की मी परत भट्टीपुढं चांदीच्या पैंजणांचे सांधे डाक लावून जोडत बसणार, डोळे फुटेपर्यंत. तेवढ्यासाठी का मी सगळ्या गावाची बोलणी खाऊन गाडी शिकले?

आकाराममामांनी आमच्या भांडणाकडे लक्षच दिलं नाही असं दाखवलं. गिअरबॉक्स त्यांनी उतरवून जॅकवर ठेवला होता. गोणपाटावर तीन वस्तू मांडल्या.

"ही जुनीच प्लेट, नवं लायनिंग मारल्याली. इकायची आसंल तर ही घाला, घेणाऱ्याच्या दारात जाईस्तवर वढंल. ही नवी प्लेट, पण जुन्या प्रेशर प्लेटवर बसणार. ती बघा कशी निळी पडल्या जळून. पावसाळ्यापतोर चालंल, मग चढाला रडंल. आन् ह्यो पुरा सेट. प्लेट, प्रेशर प्लेट, बेरिंग, समदं नवं. चालवायची आसंल तर ह्यो." मग त्यांनी मान वर करून सम्राटकडं बघितलं. "आन् बाईच्या केसास्नी हात न्हाय लावायचा. माझ्या ग्यारेजात न्हाय."

सम्राटनं वेणी सोडली आणि तोच हात मामांच्या तोंडावर फिरवला. थाड! मामांची टोपी गटारात गेली. साठीकडे झुकलेला माणूस तो, पाठीमागं गाडीच्या पत्र्यावर आदळला. ओठ फुटला. पण पट्ठ्यानं हातानं रक्त पुसलं आणि मलाच विचारलं,

"वैनी, कंचा घालू?"

मला रडू फुटलं होतं. "सेट घाला मामा. पुरा सेट."

"म्हातारं झालंस म्हणून सोडतोय व्हय तुला?" सम्राट ओरडला. "सांजच्याला गिऱ्हाईक येणार हाय माझं. जुनी प्लेट मार आन् गाडी खाली घे!"

"जी चालवणार तिनं सांगिटलंय," मामा म्हणाले आणि पाठीवर सरकत गाडीखाली गेले. नवी प्लेट बसवण्याआधी आतली जागा घासून घ्यावी लागते. घासण्याचा आवाज सुरू झाला. घासायचा कागद घ्यायला त्यांनी उजवा हात बाहेर जॅकशेजारी जमिनीवर टेकला.

आणि सम्राटनं जॅकला लाथ घातली.

जॅक कलंडला. गिअरबॉक्स त्या हातावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मामा किंचाळले नाहीत, नुसते "आई, आई" म्हणत राहिले, गाडीखाली, आणि त्यांचे पाय सिमेंटवर घासत होते.

"आता घाल की सेट!" सम्राट हसला.

हसला तो! त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. जळकी प्रेशर प्लेट गोणपाटाशेजारी पडली होती. चांगली जड असते ती. मी दोन्ही हातांनी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यावर बसला. मी परत घातली. मग खांद्यावर. त्यानं हात वर केला तर हातावर. "वैनी, वैनी" म्हणत होता. आता वैनी आठवली काय रे तुला, भाड्या? मी मारत होते आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? नवरा मारायचा तेव्हापासूनचं सगळं त्या लोखंडात उतरलं होतं. शेजारच्या टायरवाल्यानं मला कमरेला धरून मागं ओढलं नसतं, तर मी थांबले नसते.

सम्राट आणि मामा एकाच रिक्षातून सरकारी दवाखान्यात गेले. एकाच्या डोक्यातून रक्त, एकाच्या हाताचा चेंदा. सांजच्याला गिऱ्हाईक आलं म्हणे, जमिनीवरचं रक्त बघितलं आणि चपला हातात घेऊन पळालं.

पोलीस येतील म्हणून मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले. कुणी आलं नाही. सम्राटनं डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडलो. तालमीत कमावलेलं अंग त्याचं. विधवा भावजयीनं डोकं फोडलं हे तो तालमीतल्या पोरांना कुठल्या तोंडानं सांगणार होता? आणि मामांनी सांगितलं, जॅक सुटला.

"मामा, खरं सांगा की. सोडू नका त्याला."

"खरं सांगिटलं तर तुमालाबी आत घेतील वैनी. मग गाडी कोण चालवंल?" त्यांची तीन बोटं परत वळणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले होते. ते पलीकडं तोंड करून झोपले. माझ्या गाडीपायी त्या माणसाचा हात गेला होता.

दुसऱ्या दिवशी गळ्यात हात बांधून ते ग्यारेजात आले आणि स्टुलावर बसले. क्लच मी बसवला. प्लेट मधोमध धरायची, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे. चुकलं की मामा शिव्या घालायचे. "आगं, भाकरी थापतीयास काय? मधी घे, मधी!" मला अगं-तुगं करत होते पहिल्यांदाच, आणि मला ते गोड वाटत होतं. गिअरबॉक्स गुडघ्यावर तोलून वर ढकलताना जीव निघाला. शेवटी मामा सीटवर बसले, पायानं क्लच दाबला, सोडला. गाडी हुं की चूं न करता पुढं सरकली. डाव्या हातानं त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली.

गाडी घेऊन मी हुपरीला आले. सासू दारातच उभी होती. तिला सगळे आक्का म्हणतात. रात्री मी तिला सगळं सांगितलं होतं, एक अक्षर लपवलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं होतं आणि न जेवता आडवी झाली होती.

"झाली गाडी?"

"झाली."

"चल मग. दवाखान्यात, माझ्या लेकाकडं न्हे मला."

मी शेजारचं दार आतून उघडलं. बाई गाडी चालवते म्हणून गाव हसत होतं, तेव्हा ही म्हातारी डोक्यावर पदर घेऊन ऐटीत माझ्या शेजारी बसायची. कुठंही जायचं असलं तरी तिची ती जागा. मागं पेशंट बसतात, म्हणायची.

आक्कानं ते दार लावलं. मागचं उघडलं आणि कोपऱ्यात अंग चोरून बसली.

"आक्का, पुढं या की," मी म्हणाले.

"चल," ती म्हणाली.

मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि निघाले.