पायातला दोरा

नवऱ्याच्या, मानसिंगच्या कपाळावर घाम दिसला, तशी राजाबाईने थापती भाकरी परातीतच टाकली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, कोपरखैरण्याची हवाच तशी, घाम यायचाच. पण हा घाम छातीच्या वरच होता. तोंड लालबुंद, दंडावर काटा.

"डोकं फुटतंय गं," तो कण्हला.

मार्केटात कांद्याच्या गोणीसकट ट्रकवरून पडला तेव्हा त्याचा मणका मोडला. छातीखाली त्याला काही कळत नव्हतं. पण अंग मोठं खोडीचं. खाली काही खुपलं की त्याला पत्ता नाही, रक्तदाब मात्र आभाळाला भिडायचा. खुपणारं वेळेत सापडलं नाही तर मेंदूत रक्तस्राव. इस्पितळातल्या सिस्टरने राजाबाईकडून घोकून घेतलं होतं, आधी बसवा, म्हणजे दाब उतरतो, मग शोधा.

तिने त्याला काखेत धरून बसवलं, पाय पलंगावरून खाली सोडले. कालच साताऱ्याहून आलेली सासू, वेणूबाई, धावली.

"अगं, घामाघूम झालाय, आडवा कर की!"

"आडवं केलं तर मरतील त्ये, आत्याबाई!"

सासूवर ती पहिल्यांदाच ओरडली, पण लाजायला सवड कुणाला होती?

रक्तदाबाच्या मशीनवरचा आकडा नेहमीच्या दुप्पट. लघवीची नळी मुडपलेली नव्हती, पिशवी भरत होती. पोट सकाळीच साफ केलेलं. तिने लेंग्याची नाडी सोडली, पाठ पाहिली, कुल्ले पाहिले. काहीच नाही. दर थोड्या दिवसांनी हेच. खुपायचं त्याला आणि शोधत बसायचं हिने. तिला या सगळ्याचा वीट आला होता. आत्ता तिथंच फरशीवर बसावं आणि उठूच नये, असं वाटलं. ॲम्ब्युलन्ससाठी तिने फोन उचलला आणि तिची नजर त्याच्या पायांवर गेली.

"ह्या उकाड्यात मोजं कुणी घातलं?"

वेणूबाईने मान खाली घातली.

मोजा ओढला तर घोट्यात काळा दोरा. पाय सुजलेला, दोरा मांसात रुतलेला. राजाबाईने कात्रीचं टोक अलगद आत सरकवलं आणि दोरा कापला.

"भैरोबाचा हाय," म्हातारी पुटपुटली. "दिष्ट लागू नये म्हून. तू हसशील म्हून झाकला."

आकडा उतरू लागला, हळूहळू. मानसिंगने डोळे उघडले. म्हातारी मात्र तुटका दोरा मुठीत धरून रडत होती. राजाबाईच्या ओठांवर खूप काही आलं होतं, पण भांडायलाही अंगात बळ लागतं.

"आत्याबाई, त्यास्नी कळत न्हाई. बांधायचाच असंल तर माझ्या पायात बांधा. मला कळतं."

ती थट्टा होती, निदान अर्धी. पण वेणूबाईने डोळे पुसले, पिशवीतून दुसरा दोरा काढला आणि खरंच सुनेच्या पायाशी बसली. गाठ मारली.

"लई घट्ट झाला का गं? दुखतंय का?"

अपघात झाल्यापासून हे राजाबाईला कुणी विचारलंच नव्हतं. दोरा चांगला सैल होता.

"व्हय," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.