वेलचेरीत पोचलेला आवाज

मी बोलतोय, पेरुंगुडीच्या दलदलीत उभा असलेला रेडिओचा मनोरा. लोक मला मोबाइलचा टॉवर समजतात. तो अँटेना अंगावर बाळगतो. मी मात्र बुडापासून शेंड्यापर्यंत स्वतःच अँटेना आहे. चिनीमातीच्या जाड खुंटावर उभा आहे, चहूबाजूंच्या तारांनी ताणून धरलेला. खाली चिखलात तांब्याच्या तारा दूरवर पुरल्या आहेत. मीडियम वेव्हला खारी, ओली जमीन मानवते, म्हणून मला इथे उभारलं. इथल्याच किनाऱ्यावरच्या कोवलम गावच्या होड्यांनाही मी ऐकू जायचो.

माझी देखभाल राघोत्तम करायचे. तंजावरकडच्या मराठी घरातले, अबोल तंत्रज्ञ. लग्न केलं नाही. जवळच्याच सखल वेलचेरी भागात तळमजल्यावर ते आणि त्यांची आई सकवारबाई, दोघंच. आई दिवसभर सेलवरचा रेडिओ लावून बसायची. गाणी आवडोत न आवडोत, "माझ्या लेकानं धाडलंय," म्हणायची आणि शेवटपर्यंत ऐकायची.

२०१५ च्या डिसेंबरात शहर बुडालं. फोन बंद पडले. स्टुडिओकडून येणारी लाइनही तुटली. यंत्रघरात फक्त राघोत्तम आणि त्यांचे सहकारी बालाजीराव अडकले होते. जनरेटर चालू होता, अडीअडचणीसाठी ठेवलेला एक माइक होता. जन्मात कधी माइकसमोर न बसलेले राघोत्तम त्यासमोर बसले. पोलिसांच्या वायरलेसवरून येणाऱ्या सूचना ते तमिळमध्ये पुन्हा पुन्हा वाचत राहिले: वेलचेरीकरांनी वरच्या मजल्यावर जावं, थांबू नये.

बालाजीराव म्हणाले, "अहो, अम्मांना नावानं सांगा ना. दोन शब्द लागतात."

"प्रत्येकाची आई कुठंतरी बसलीय," राघोत्तम म्हणाले. "माझ्याच आईचं नाव कसं घेऊ?"

ते सूचना वाचत राहिले आणि मी त्या पोचवत राहिलो. पाण्यावरून माझा आवाज किती स्वच्छ जात होता!

तिसऱ्या दिवशी ते छातीभर पाण्यातून घरी गेले. नंतर बालाजीरावांना त्यांनी माझ्याच पायथ्याशी उभं राहून सगळं सांगितलं, म्हणून मला कळलं. वरच्या मजल्यावरचे पद्मनाभ तीनदा सकवारबाईंना न्यायला खाली आले होते. म्हातारी हलली नाही. "माझा लेक बोलतोय. बोलणं संपलं की येईल. दार उघडायला कुणी नको?" एवढंच म्हणाली. चौथ्यांदा जिना पाण्याखाली गेला होता, पद्मनाभांना खाली उतरताच आलं नाही.

"मी सगळ्यांना सांगितलं," राघोत्तम म्हणाले. "तिला वाटलं, तिला नाही सांगितलं."

त्यानंतर त्यांनी माइकला हात लावला नाही. माझे बोल्ट मात्र आवळत राहिले, रंग देत राहिले.

गेल्या महिन्यात माझं प्रक्षेपण बंद झालं. शेवटच्या दिवशी मधुवंती नावाची मुलगी परवानगी काढून मला बघायला आली. जवळच्याच ऑफिसात नोकरी करते, मूळची साताऱ्याची. खुंट कशाला, तारा किती लांब, आवाज कुठवर जातो, असं सगळं विचारत होती. राघोत्तम हौसेनं सांगत होते. कितीतरी वर्षांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

निघताना ती म्हणाली, "काका, पुरात मी वेलचेरीत होते, नवीनच आले होते. शेजारच्यांच्या रेडिओवर एक माणूस सारखा सांगत होता, म्हणून आम्ही सगळे वर गेलो. कोण होते ते?"

राघोत्तम फाटकाचं कुलूप चाचपत राहिले.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. "बदलीवर आलेलं असेल कुणीतरी."

ती गेली. राघोत्तमांनी फाटक लावून घेतलं. त्यानंतर ते इकडे आलेले नाहीत. बालाजीराव एकदा कागदपत्रं न्यायला आले, तेव्हा कुणाला तरी सांगत होते, राघोत्तम आता बेल वाजली तरी दार उघडत नाहीत.

पुढच्या आठवड्यात मला धरून ठेवणाऱ्या तारा कापून मला पाडणार आहेत. त्याआधी एवढंच मागतो: तो आवाज ऐकून जे वर गेले, त्यांच्यापैकी कुणीतरी राघोत्तमांकडे जा. म्हणा, तो आवाज तुमचाच होता, आम्ही जिवंत आहोत. दार नाही उघडलं तर बाहेरूनच म्हणा.

सांगतोय खरा, पण माझ्यात आता वीज नाही. हे कुंपणापर्यंत तरी पोचतंय का, मला कळत नाही.